राखण कोणी करावी?

चाकणहून पश्चिमेस, औद्योगिक वसाहतीचा दुसरा टप्पा मागे टाकून वासुली-शिंद्याच्या बाजूने भामा नदीच्या खोऱ्याकडे निघाले, म्हणजे कारखान्यांच्या भिंती आणि भुईमुगाची शेते एकमेकांना इतकी बिलगलेली दिसतात की, कोठे शिवार संपले आणि कोठे वसाहत सुरू झाली, हे सातबाऱ्याचा उतारा हाती घेतल्यावाचून सांगता येऊ नये. संपादन होऊनही अद्याप इमारत न उठलेल्या भूखंडांवर घाणेरीचे आणि वेड्या बाभळीचे रान माजते. त्या रानात रानडुकरांचे कळप दिवसभर निर्धास्त पडून राहतात, आणि दुसरी पाळी सुटून कामगारांच्या बसगाड्या परतू लागण्याच्या सुमारास तेच कळप बांध ओलांडून पिकांत उतरतात. अशा ठिकाणी शेतकऱ्याने पिकाच्या रक्षणासाठी बंदूक मागावी काय, आणि मागितल्यास ती त्याला द्यावी काय, या प्रश्नाला दोन बाजू आहेत; त्या दोन वयोवृद्ध गृहस्थांच्या तोंडून ऐकाव्यात, म्हणजे दोन्हींचे वजन नीट लक्षात येईल.

तात्या हे माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. वडिलोपार्जित जमिनीपैकी निम्मीअधिक संपादनात गेली, उरलेली ते स्वतः कसतात. रावसाहेब महसूल खात्यात कारकुनापासून नायब तहसीलदारापर्यंत चढले. शस्त्र परवान्यांचे टेबल त्यांनी काही वर्षे सांभाळले होते, आणि बंदुकीचा अर्ज म्हटला की आधी त्यामागचा माणूस न्याहाळायचा, ही त्यांची सवय अद्याप सुटलेली नाही.

तात्या : रावसाहेब, रात्री कळप पुन्हा येऊन गेला. भुईमुगाचे रान डुकराने कसे नासते, ते पंचनाम्यात उतरत नाही. तेथे क्षेत्र अमुक गुंठे आणि नुकसान अमुक टक्के एवढेच लिहिले जाते. प्रत्यक्षात डुक्कर पाल्याला तोंडही लावीत नाही. नाकाडाने सरी उकरून ते आऱ्यांसकट शेंगा वर काढते, दाढेखाली फोडून दाणा तेवढा गिळते, आणि टरफलांचा चघळलेला चोथा जागोजाग टाकीत पुढच्या सरीला लागते. मक्यात शिरले तर ताट मोडून आडवे करायचे, कणसाला दोन चावे घ्यायचे आणि पुढल्या ताटाकडे वळायचे, असा त्याचा क्रम. म्हणजे पोटात जाते त्याच्या कितीतरी पट मातीत जाते. पूर्वी गावात एक-दोन घरी ठासणीची बंदूक असे, आणि हंगामात तिचा एक बार निघाला की कळप आठ-दहा दिवस त्या अंगाला फिरकत नसे. आता आमच्या हाती पत्र्याचा डबा आणि मोबाइलवर वाजविलेला कुत्र्याचा आवाज उरला आहे, आणि डुकरांना दोन्ही पाठ झाले आहेत.

रावसाहेब : तुमच्या नुकसानीविषयी मला तिळमात्र शंका नाही, परंतु नुकसान झाले, एवढ्यावरून बंदूक हा त्यावरचा उपाय ठरत नाही. रानडुकराची मादी गाभण राहिल्यापासून चार महिन्यांच्या आत विते आणि एका वेताला चार-सहा पिले देते. कळपातले एक जनावर पडले, तर उरलेली चार रात्री शिवार बदलतात, आणि तुमच्या वाट्याचे दुःख शेजाऱ्याच्या वाट्याला जाते. शासन नुकसानभरपाई देते. पीकविम्यातही वन्यप्राण्यांकडून होणारी हानी २०२६ च्या खरिपापासून समाविष्ट करण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आहे. जी हानी पैशाने भरून निघू शकते, तिच्यासाठी गावात दारूगोळा आणावा, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

तात्या : भरपाई पिकाची मिळते, राखणीची मिळत नाही. पेरणीपासून काढणीपर्यंत माळ्यावर ज्या रात्री जागवाव्या लागतात, त्यांचा रकाना कोणत्याच अर्जात नसतो. आणि विम्यासाठी बहात्तर तासांच्या आत मोबाइलवरून छायाचित्रासह कळवायचे, हे ज्या म्हातारीचा मुलगा तिसऱ्या पाळीला गेला आहे तिने कसे साधावे? पण ते असो. मला तुमच्याच कायद्याच्या भाषेत बोलू द्या. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात, पिकाच्या प्रामाणिक रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविले आहे, मर्जी नव्हे. ठासणीची अपुरी पडेल अशी त्याची खात्री झाली, तर वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याची मुभाही तेथेच आहे. मग मी मागतो ते दान नव्हे.

रावसाहेब : तेरावे कलम वाचणाऱ्याने चौदावेही वाचावे. अर्जदार कोणत्याही कारणाने अपात्र आढळला, अथवा सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता यांसाठी नकार देणे आवश्यक वाटले, तर परवाना नाकारता येतो. आता या दोन कलमांची जोडी कशी जमली, ते ध्यानात घ्या. इंग्रजांनी १८७८ मध्ये जो शस्त्रांचा कायदा केला, त्याने प्रजा निःशस्त्र झाली आणि गोरे मात्र त्यातून मोकळे राहिले. त्याविरुद्ध काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच ठराव केला होता. स्वतंत्र भारताच्या संसदेने त्या कायद्याची जागा घेणारा कायदा केला, तेव्हा शेतकऱ्याविषयी तिने उदार बुद्धी ठेवावी, हे स्वाभाविकच होते. परंतु ती उदारता १९५९ च्या शिवाराला उद्देशून होती. त्या काळचे चाकण म्हणजे कांद्याच्या बाजाराचे गाव. दिवेलागणीनंतर त्याच्या रानात चिटपाखरू नसे. आज त्याच रानातून रात्री बाराला माणसे कामावरून पायी घरी जातात. कायद्याचे शब्द तेच राहिले, पण ज्या भूमीवर ते लागू करायचे ती भूमी पालटली. आणि संसदेचा कलही पालटला. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाने बाळगायच्या बंदुकांची मर्यादा तिनावरून दोनावर आणली, हे त्याचेच लक्षण.

तात्या : त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, तेही सांगा की! उदारता आटली असेल, तर सरकारने तसे उघड सांगावे. कलम कायम ठेवायचे आणि दार हळूच लोटून घ्यायचे, हा कसला इनसाफ? आमची गत पाहा. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि चाकण, आळंदी ही ठाणी पुणे ग्रामीणमधून काढून त्याला जोडली गेली. तेव्हापासून या मुलखातला शस्त्र परवाना पोलीस आयुक्तांकडे. तालुका मात्र खेडच, आणि त्याच तालुक्याच्या राजगुरुनगरकडील भागातला शेतकरी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो. वनखात्याच्या लेखी आम्ही दोघेही जुन्नर विभागाचे. डुक्कर एका रात्रीत दोन्ही हद्दींत चरून येते. पण ज्या कचेरीला एका महानगराच्या गुन्हेगारीची चिंता वाहायची आहे, तिच्या खिजगणतीत माझा भुईमूग कसा यावा?

रावसाहेब : ती चिंता अनाठायी आहे असे तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणाल काय? या पट्ट्यात जमिनीच्या व्यवहारांतून पैसा आला, पैशामागून भाऊबंदकी आली, आणि भाऊबंदकीमागून कंबरेला पिस्तूल लावून लग्नाच्या वरातीत मिरवण्याची हौस आली. माझ्या टेबलावर जे अर्ज येत, त्यांत पीकरक्षणाचे थोडे आणि आत्मरक्षणाचे पुष्कळ असत. आणि आत्मरक्षणाच्या अर्जातल्या शत्रूची चौकशी केली की, तो बहुधा सामाईक बांधाच्या पलीकडचा चुलतभाऊच निघे.

तात्या : म्हणजे पिस्तुलाच्या हौसेची शिक्षा ठासणीला! तीन हात लांबीची, एका बारानंतर पुन्हा दारू, चिंध्या आणि छर्रे ठासावे लागणारी बंदूक घेऊन कोणी खंडणी गोळा करायला जात नाही. कायदा करणाऱ्यांना हा फरक कळत होता, म्हणूनच त्यांनी पिकासाठी ठासणीची बंदूक नेमून दिली. आणि अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच सबबीवर त्याला नकार देऊ नये, असेही तुमच्या त्या चौदाव्या कलमात लिहिले आहे. म्हणजे गरीब शेतकरी त्यांच्या डोळ्यांपुढे होता.

रावसाहेब : हा मुद्दा मी मान्य करतो. परंतु समजा, उद्या तुम्हाला परवाना मिळाला, सुरक्षिततेचे प्रशिक्षण झाले, पोलिसांचा वर्तणुकीचा अहवाल स्वच्छ आला आणि बंदूक घरी आली. तरी तिने डुक्कर मारण्याचा अधिकार तुम्हाला प्राप्त होत नाही. शस्त्राचा परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे. शिकारीचा कायदा वेगळा, तो वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा, आणि त्यात शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. विष, फास, सापळा आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न, हे सारे त्यात येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. ते माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाले, तर अकराव्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षकाने अथवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने सकारण लेखी आदेश काढून ते मारण्याची परवानगी द्यायची. आणि मारलेले जनावर सरकारची मालमत्ता, तुमच्या चुलीची नव्हे. बिबट्या आणि मोर पहिल्या अनुसूचीत. मोराने तुमचे सारे बियाणे टिपले तरी त्याला हात लावता येत नाही. आणि बिबट्या माणसाच्या जिवावर उठला, तरी त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलविणे अशक्य आहे अशी खात्री झाल्याखेरीज मुख्य वन्यजीव रक्षकालाही त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही.

तात्या : अहो, म्हणजे एका खिडकीने बंदूक द्यायची, दुसरीने डुक्कर द्यायचे, आणि भुईमूग पोसत असेल नेमक्या त्याच पंधरवड्यात या दोन्ही खिडक्या एकदम उघड्या सापडायच्या! त्यातून निवडणूक आली की शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर उठली. खेडच्या पश्चिम भागात भाताची कापणी नेमकी याच दिवसांत. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आजही घरोघर आहेत. तेथील शेतकरी दर निवडणुकीला हेच गाऱ्हाणे घालतो. मतदार म्हणून त्याच्यावर विश्वास आहे, राखणदार म्हणून मात्र नाही.

रावसाहेब : सरसकट जमा करू नये, छाननी समितीने प्रत्येक परवाना पाहून ठरवावे, अशी व्यवस्था त्यासाठीच आहे, ती राबविण्यात कुचराई होत असेल, तर दोष राबविणाऱ्याचा. पण तात्या, तुम्ही दोन खिडक्या म्हणालात. माझ्या मते तीन हव्यात, आणि तिसरी अस्तित्वातच नाही. माझा खरा आक्षेप तेथे आहे. पोलीस माणूस पाहतात, वनखाते जनावर पाहते. जमीन कोणी पाहत नाही. अर्जाला तुम्ही सातबारा जोडता, तलाठी त्यावर शिक्का मारतो, पण सातबारा मालकी सांगतो. गोळी चुकली तर ती कोठे जाऊन पडेल, हे तो सांगत नाही. बावीस बोअरची चिमुकली गोळीसुद्धा, नळी वर उचललेली असली, तर किलोमीटरभर सहज जाते. तुमच्या बांधापासून किलोमीटरचे वर्तुळ काढा आणि त्यात काय काय येते ते मोजा : कारखान्याचे गेट, ट्रकतळ, परप्रांतीय कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या, दोन वीटभट्ट्या आणि बसथांबा.

तात्या : शेतकरी रायफल मागत नाही, छर्ऱ्यांची बंदूक मागतो, आणि माळ्यावरून खाली, मातीच्या दिशेने बार काढतो. कोणत्या अंगाला वस्ती आहे आणि कोणत्या अंगाला डोंगर, हे त्याला झोपेतही ठाऊक असते.

रावसाहेब : तुम्हाला ठाऊक असते, पण परवाना निघतो तो तुमच्यासारख्यासाठीही आणि ज्याने गेल्या वर्षीच जमीन विकत घेतली त्याच्यासाठीही. शिवाय जनावर एका बाराने जाग्यावर पडत नाही. जखमी डुक्कर तुमच्या गटातून निघून शेजाऱ्याच्या उसात शिरते, तेथून मोकळ्या भूखंडावरच्या रानात जाते, आणि वर डोंगरउतारावर राखीव वन असेल तर तेथे पोहोचते. शेजाऱ्याच्या उसात त्याच्या संमतीवाचून तुम्ही शिरणार काय? भूखंडाची मालकी महामंडळाची, ताबा कोणा कंपनीचा, आणि पहाऱ्यावरचा माणूस तिसऱ्याच ठेकेदाराचा. तेथे परवानगी कोणाकडे मागणार? राखीव वनातल्या शिकारीला तर १९२७ च्या वन अधिनियमाचे सव्विसावे कलम वेगळेच उभे आहे. आणि जखमी डुकराला तसेच सोडून दिले, तर पहाटे सरपण गोळा करायला गेलेल्या बाईशी त्याची गाठ पडते. म्हणून मी म्हणतो, माणसाच्या चारित्र्याची चौकशी जितकी कसून होते, तितकीच जमिनीच्या चारित्र्याचीही व्हावी. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याखाली रायफलीचा परवाना देताना पोलीस अर्जदाराची जमीन जाऊन पाहतात, त्या बोअरच्या गोळीला ती सोसेल की नाही हे ठरवितात, आणि नवख्याला पाहिलेल्या जमिनीपुरतेच बांधून घेतात. दुसऱ्याच्या शेतात कबुतर किंवा ससा मारायचा, तर मालकाची संमती हवीच हवी. तेथे कीड मारणे हा हक्क खरा, पण तो जमिनीला चिकटलेला आहे, माणसाच्या खांद्यावरून कोठेही फिरणारा नाही.

तात्या : तिसरी खिडकी हवी, यात वावगे काही नाही, फक्त ती उघडायला आणखी पाच वर्षे लागू नयेत. पण एक गोष्ट मला राहून राहून खटकते. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला. कामगारांना बाहेर काढले गेले, वनखात्याची माणसे आणि वाइल्डलाइफ एसओएसचे वैद्य बंदूक-जाळी घेऊन आले, काही तासांत त्याला बेशुद्ध करून सुखरूप नेले, आणि काम पुन्हा सुरू झाले. हे उत्तमच झाले. त्याबद्दल त्या माणसांना मी दुवाच देतो. पण यातून काय सिद्ध झाले? सरकारच्या अंगी चपळाई नाही असे नव्हे. ती कोणासाठी दाखवायची, हे ठरलेले आहे. भिंतीच्या आत जनावर शिरले की राखण सरकारची, आणि भिंतीच्या बाहेर शिरले की राखण माझी; मात्र राखणीचे साधन मागितले, तर ते धोक्याचे.

रावसाहेब : त्याच प्रसंगातून मी उलटा निष्कर्ष काढतो. तेथे कोणी कामगार बंदूक घेऊन धावला नाही; शिकलेली माणसे आली, त्यांच्यामागे आदेश होता, परिसर रिकामा केला गेला, आणि मगच नेम धरला गेला. बेशुद्ध करण्याऐवजी मारायचे असते, तरी क्रम हाच असायला हवा होता. माझे म्हणणे एवढेच की, पिकासाठीही असेच व्हावे. घरोघर बंदुका देण्यापेक्षा निवडक, प्रशिक्षित, परवानाधारक नेमबाजांची यादी असावी आणि त्यांनी आदेशानुसार काम करावे.

तात्या : असले नेमबाज बिहारने आणून पाहिले. नीलगाय आणि रानडुक्कर यांना केंद्राने तेथे वन्यजीव कायद्याच्या बासष्टाव्या कलमाखाली ठराविक मुदतीपुरते उपद्रवी जाहीर केले. २०१६ च्या जूनमध्ये मोकाम्याच्या टापूत हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी दोनशेंहून अधिक नीलगायी मारल्या, आणि दिल्लीत त्यावरून दोन केंद्रीय मंत्रीच एकमेकांविरुद्ध उभे राहिले. मनेका गांधींनी मारण्याची हाव म्हणून टीका केली. आपल्या पुण्याचे प्रकाश जावडेकर पर्यावरणमंत्री होते, त्यांनी राज्याच्या मागणीवरूनच परवानगी दिली असल्याचे सांगितले. परका नेमबाज येतो, आकडा करतो आणि निघून जातो. कोणत्या कळपाने कोणाचे रान नासले, कोणती मादी पिलांची आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्यापेक्षा केरळने २०२२ मध्ये केले ते मला अधिक रुचते. उपद्रवी डुकरांना मारण्याचा हुकूम देण्याचा अधिकार तेथे पंचायतीच्या अध्यक्षासारख्या स्थानिक प्रमुखाला दिला, आणि नेमबाजही आसपासच्याच परवानाधारकांतून घेतले. हुकूम देणारा गावात राहतो; त्याला चुकीबद्दलही आणि दिरंगाईबद्दलही लोक तोंडावर विचारू शकतात.

रावसाहेब : आणि आपल्या गावचा सरपंच कोणाच्या शेतासाठी हुकूम काढील व कोणाच्या शेतासाठी काढणार नाही, हे निवडणुकीच्या निकालावरून ठरेल, हेही ओघानेच आले.

तात्या : ते खरे, म्हणून सरपंचाची शिफारस असावी आणि वनक्षेत्रपालाची सही. पण काही न करण्याचा परिणाम काय होतो, तेही बोलून टाकू. परवाना नाकारला म्हणून शिवार निःशस्त्र राहते, अशी कचेरीची समजूत असेल तर ती भाबडी आहे. कोणी कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतो. कोणी कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतो, तो डुकराऐवजी गाय चावते आणि तिचा जबडा फुटतो. विजेची तार माणूस आणि डुक्कर यांत भेद करीत नाही. रात्री पाणी द्यायला गेलेला शेजारी तिला चिकटतो आणि दोन घरे एकदम बुडतात, एक मयताचे आणि दुसरे तुरुंगात जाणाऱ्याचे. उघड, नोंदलेल्या, तपासता येणाऱ्या बंदुकीची भीती बाळगून तुम्ही चोरट्या तारेला वाट करून देता. दोन्हींपैकी कोणते साधन लोकांना अधिक सुरक्षित, याचा हिशेब एकदा मांडा.

रावसाहेब : हा युक्तिवाद मला निरुत्तर करतो असे नाही, पण अडवून ठेवतो. तार लावणारा गुन्हाच करतो, वन्यजीव कायद्याखालीही आणि माणूस मेल्यास त्याहून भयंकर. तथापि सरळ वाट बंद असली की आडवाट रुळते, हे मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. तेव्हा अशी तजवीज सुचवितो. गावाने गटवार नकाशा करावा. ज्या गटांपासून वस्ती, रस्ता किंवा कारखाना जवळ आहे, तेथे बार निषिद्ध म्हणून लाल खूण, आणि ज्यांच्या मागे डोंगराची कड आहे, तेथे मोकळीक. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती लाल रेषेचा पट्टा या परिसराने वर्षानुवर्षे सोसलाच आहे. धोका जमिनीवर आखता येतो, हे आपल्या लोकांना नव्याने शिकवावे लागणार नाही. मोकळ्या गटांच्या मालकांनी एकमेकांच्या हद्दीत जखमी जनावरामागे जाण्याची संमती आधीच लिहून द्यावी. भूखंडधारकांकडूनही तसेच पत्र घ्यावे. या नकाशावर पोलीस, वनखाते आणि महसूल यांनी एकदाच, एकत्र, जागेवर येऊन सही करावी. आणि हंगामापुरता आदेश निघाला की गावातल्याच दोन-चार प्रशिक्षित परवानाधारकांनी, ठाण्यात आगाऊ खबर देऊन, वनरक्षकासमक्ष काम करावे.

तात्या : हे मी मान्य करतो, माझ्या स्वतःच्या हाती बंदूक नसली तरी चालेल, हेही मान्य करतो, आणि ते मला सोपे जात नाही. पण माझ्या तीन अटी आहेत. पहिली, अर्जाला मुदत. पोलीस ठाण्याचा अहवाल वेळेत आला नाही, तर त्याची वाट न पाहता आदेश देण्याची मुभा शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमातच आहे. ती वापरावी, कारण पीक कोणाच्या टिपणीसाठी थांबत नाही. दुसरी, नकार द्यायचा तर कारण लिहून द्यावे. 'सार्वजनिक सुरक्षितता' एवढे दोन शब्द पुरे नाहीत, कोणत्या गटात कोणता धोका ते लिहावे, म्हणजे अठराव्या कलमाखाली अपील तरी करता येईल.

रावसाहेब : दोन्ही रास्त आहेत. तिसरी?

तात्या : तुमच्या नकाशावर लाल खुणा कोठे पडणार, ते मी आताच सांगतो. कारखान्यांना लागून जी शेते आहेत, ती सगळी लाल. आणि डुकरांचा उपद्रव सर्वांत अधिक तेथेच, कारण त्यांचे दिवसाचे घर शेजारच्या मोकळ्या भूखंडावर आहे. म्हणजे ज्याला गरज अधिक, त्यालाच मनाई पक्की. माझे शेत त्यांतच येते.

रावसाहेब : येते खरे, आणि त्या मनाईत मी तसूभरही सवलत देणार नाही. तेथे बार निघता कामा नये, मग तुमचे नुकसान कितीही होवो.

तात्या : मग तिसरी अट ऐका. जेथे बार मना, तेथे राखण मना करणाऱ्याची. ज्याच्या ताब्यात मोकळा भूखंड आहे, त्याने पावसाळा संपताच त्यावरचे रान काढावे, आणि माझ्या बांधाला लागून त्याची जी हद्द आहे, तिच्यावर डुक्कर शिरणार नाही असे कुंपण स्वखर्चाने घालावे; तो घालीत नसेल तर सरकारने घालून त्याच्याकडून वसूल करावे. आणि कुंपण होईपर्यंत रात्रीचा पहारा वनखात्याचा, भरपाईच्या अर्जावर बोळवण नव्हे. माझ्या जमिनीवर काय करू नये, हे सांगण्याचा अधिकार तुम्ही घेतलात. तो मला कबूल आहे. पण त्या अधिकाराबरोबर जागरणही घ्यावे लागते.

रावसाहेब : कायद्यात असे बंधन कोणावर नाही, तात्या. परवाना देणाऱ्यावर जबाबदारी येते; नाकारणाऱ्यावर ती येते, असे कोठेही लिहिलेले नाही.

तात्या : नाही ना? मग नकाशावरची पहिली सही करण्याआधी तेवढे लिहून घेऊ.